काहील, काजळी आणि मॅक्सवेलचे सूत्र : उष्णता वाहणाऱ्या द्रवांचा इतिहास

१/ सन २००१. शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतून एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मोटारीच्या रेडिएटरमध्ये वापरतात त्या एथिलीन ग्लायकॉलमध्ये तांब्याचे अतिसूक्ष्म कण मिसळले, प्रमाण आकारमानाच्या अवघे ०.३ टक्के, आणि द्रवाची उष्णतावाहकता ४० टक्क्यांपर्यंत वाढली, असा त्यातील दावा होता. १८७३ पासून चालत आलेले सूत्र सांगत होते की ही वाढ जेमतेम १ टक्का असायला हवी. चाळीस पटींचा फरक! मग चूक कोणाची, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सूत्राची की नव्या प्रयोगाची? या प्रश्नाचा निकाल लागायला आठ वर्षे गेली. त्याची गोष्ट सुरू करण्यासाठी कोल्हापूरच्या गुऱ्हाळाइतकी सोयीची जागा नाही. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. २०१४ मध्ये याच गुळाला भौगोलिक मानांकन लाभले. या सव्वाशे वर्षांत उसाच्या जाती बदलल्या, बैलांचा घाणा जाऊन इंजिनावरची आणि मग विजेवरची चरकी आली; पण गुऱ्हाळाचे हृदय मात्र तेच राहिले. जमिनीत खणलेले चुलवाण, त्यावर भलीमोठी काहील, खाली चिपाडांचा जाळ, जाळ सांभाळणारा जळव्या आणि पाकाच्या फुटण्यावरून, तारेवरून, वासावरून नेमका क्षण ओळखणारा गुळव्या.

३/ आता थोडे गणित. एक टन उसातून साधारण सहाशे किलो रस निघतो आणि त्यातून शंभर-एकशेवीस किलो गूळ मिळतो. म्हणजे जवळपास पाचशे किलो पाणी वाफ करून आकाशात सोडायचे. एक किलो पाणी नेहमीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ करण्यास लागते. गुळाचा खरा खर्च हा असा आहे. साध्या चुलवाणात जाळाच्या उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक रसापर्यंत पोहोचतच नाही. ती धुराड्यातून, भिंतींतून आणि जमिनीतून निघून जाते. चिपाडे पुरली नाहीत की लाकूडफाटा आणावा लागतो आणि तिथे गुऱ्हाळमालकाचे आधीच तोकडे असलेले गणित कोलमडते. जिल्ह्यातील गुऱ्हाळांची संख्या गेल्या काही दशकांत फार घटली. मजुरांची टंचाई, साखर कारखान्यांचा ऊसदर, गुळाचा चंचल भाव अशी कारणे पुष्कळ असली, तरी इंधन हे त्यांतले जुने दुखणे आहे.

४/ उष्णता अडते कुठे, हे समजण्यासाठी कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आणावा. सपाटीवर रस्ता कितीही रुंद केला, तरी आंबा घाटातली वळणे जोवर तशीच आहेत तोवर गाड्यांची एकूण संख्या तीच राहणार. काहिलीतही उष्णतेला तीन टप्पे ओलांडावे लागतात : तप्त वायूंपासून पत्र्यापर्यंत, पत्र्यातून आरपार आणि पत्र्यापासून उकळत्या रसापर्यंत. शेवटचा टप्पा सुसाट असतो, कारण उकळणारा द्रव स्वतःच खळबळत उष्णता वाहून नेतो. मधला पत्रा लोखंडाचा, त्यालाही अडचण नाही. घाट आहे तो पहिल्या टप्प्यात. वायू उष्णता द्यायला फार कंजूष असतात. हा घाट लक्षात ठेवावा. धाग्याच्या शेवटी त्याचे काम आहे.

५/ साखरेच्या इतिहासात हा प्रश्न एका माणसाने वेगळ्याच बाजूने सोडवला होता. नॉर्बर्ट रिलियू, जन्म १८०६, न्यू ऑर्लिन्स. आई कृष्णवर्णीय वंशाची मुक्त स्त्री, वडील गोरे. लुईझियानाच्या मळ्यांवर तेव्हा गुलाम माणसे उघड्या कढयांच्या रांगेत रस आटवत. उकळता रस मोठ्या पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतला जाई आणि भाजणे ही रोजची बाब असे. रिलियूने बंद भांड्यांची मालिका बनवली. पहिल्या भांड्यातून निघालेली वाफ वाया न घालवता तिनेच दुसरे भांडे तापवायचे. दुसऱ्यात हवेचा दाब कमी ठेवायचा म्हणजे तिथला रस कमी तापमानालाही उकळतो. पुढे तिसरे भांडे त्याच रीतीने. १८४३ आणि १८४६ ची त्याची पेटंटे आजच्या प्रत्येक साखर कारखान्याच्या मुळाशी आहेत. ज्या देशात त्याच्या यंत्राने मळेवाले श्रीमंत झाले तिथे त्याला समान नागरिकाची वागणूक मिळाली नाही. तो पॅरिसला गेला, काही काळ इजिप्तच्या चित्रलिपीच्या अभ्यासात रमला आणि १८९४ मध्ये तिथेच वारला. त्याच वर्षी कोल्हापुरात शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. साखर कारखान्यापुढे गुऱ्हाळ इंधनात का हरते, याचे अर्धे उत्तर रिलियूच्या त्या भांड्यांत आहे.

६/ पण प्रत्येक यंत्रात वाफ नसते. मोटारीचे इंजिन, विजेचा ट्रान्सफॉर्मर, सौर तापक, संगणकाची चिप : इथे उष्णता वाहून नेण्याचे काम न उकळणाऱ्या द्रवालाच करावे लागते. आणि द्रव या कामात मुळातच मंद. तांब्याची उष्णतावाहकता पाण्याच्या साधारण साडेसहाशे पट. हुपरीत जिचे दागिने घडतात ती चांदी तांब्यापेक्षाही थोडी पुढे. एथिलीन ग्लायकॉल पाण्याच्या निम्म्याहून कमी आणि तेल त्याहूनही मागे. मग सरळ विचार असा : वाहण्याचा गुण द्रवाचा घ्यावा, उष्णता नेण्याचा गुण धातूचा घ्यावा आणि दोहोंचे मिश्रण करावे.

७/ अशा मिश्रणाचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८७३ च्या आपल्या विद्युत आणि चुंबकत्वावरील ग्रंथात मांडून ठेवले होते. त्याच्यापुढे प्रश्न विजेचा होता : एका माध्यमात दुसऱ्या पदार्थाचे गोल विखुरलेले असतील, तर सर्वांची मिळून वाहकता किती? उष्णतेचे गणितही तंतोतंत तेच. उत्तर निराशाजनक आहे. गोल कितीही उत्तम वाहक असले तरी, ते विरळ असताना आकारमानाच्या १ टक्का कण घातल्यास वाहकता फार तर ३ टक्क्यांनी वाढते. तांबे घाला, चांदी घाला, फरक जवळजवळ नाही. कारण उष्णतेला एका कणापासून दुसऱ्यापर्यंत जाताना मधले पाणी ओलांडावेच लागते. इथेही घाटच आडवा येतो!

८/ व्यवहारातली अडचण आणखी वेगळी होती. मायक्रोमीटरच्या मापाचे कण तळाशी बसत, बारीक नळ्या तुंबवत आणि पंपाची पाती झिजवत. कण तळाशी जाण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. व्यास शंभरपट लहान केला तर वेग दहा हजार पटींनी मंदावतो. म्हणजे कण पुरेसे बारीक झाले तर ते बसणारच नाहीत. ही गोष्ट प्रयोगशाळांच्या फार आधी लेखनिकांना ठाऊक होती. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील मोडी कागद ज्या प्रकारच्या शाईने लिहिले गेले, ती शाई म्हणजे काय? दिव्याची काजळी, पाणी आणि डिंक. काजळीचे मूळ कण काही दशके नॅनोमीटर व्यासाचे असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारांश भागाहून थोडे इकडे-तिकडे. डिंकाचे रेणू कणाभोवती आवरण धरतात आणि एका कणाला दुसऱ्याला चिकटू देत नाहीत. दौतीतली शाई टिकते ती त्यामुळेच. गुऱ्हाळात नेमके उलटे घडते : रसात भेंडीचे चिकट पाणी घातले की मळाचे बारीक कण एकत्र येतात, त्यांची मळी होऊन वर तरंगते आणि ती काढून टाकता येते. कणांना दूर ठेवणे आणि कणांना एकत्र आणणे, या दोन जुन्या विद्यांवरच पुढची सारी गोष्ट उभी आहे.

९/ युरोपात १८५७ मध्ये मायकेल फॅरेडेने सोन्याचे असे द्रव तयार केले. त्यांचा रंग पिवळा नसून माणकासारखा लाल होता. त्यांतले काही नमुने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेले आहेत. १९६३ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेत स्टीव्ह पॅपेलने चुंबकीय लोहकणांचा द्रव बनवला, उद्देश असा की अंतराळात वजनरहित अवस्थेत रॉकेटचे इंधन चुंबकाने ओढून घेता यावे. १९९३ मध्ये जपानमध्ये मासुदा आणि सहकाऱ्यांनी ऑक्साइडांच्या सूक्ष्म कणांनी पाण्याची उष्णतावाहकता वाढते हे मोजले. आणि १९९५ मध्ये आर्गॉनचे संशोधक स्टीफन चोई यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या यंत्र-अभियंत्यांच्या परिषदेत या द्रवांना नाव दिले : नॅनोफ्लुइड, मराठीत नॅनोद्रव. नाव मिळाले की विषयाला पाय फुटतात. इथेही तसेच झाले.

१०/ मग आले ते २००१ साल. तांब्याच्या ४० टक्क्यांबरोबरच, तेलात कार्बन नॅनोनळ्या १ टक्का मिसळून वाहकता अडीचपट झाल्याचा निबंधही आर्गॉनच्याच गटाचा. २००३ मध्ये आयआयटी मद्रासमधून आणखी चकित करणारे आकडे आले : पाण्यात सोन्याचे कण केवळ ०.०००२६ टक्के, आणि वाढ तापमानाप्रमाणे ५ ते २१ टक्के. स्पष्टीकरणांची चढाओढ सुरू झाली. कोणी म्हणे कण थरथरतात आणि आसपासचा द्रव ढवळतात. कोणी म्हणे कणाभोवती द्रवाचा एक शिस्तबद्ध थर जमतो आणि तो उत्तम वाहक असतो. कोणी म्हणे कण साखळ्या करतात आणि उष्णता त्या साखळ्यांवरून धावते. जगभर प्रबंध लिहिले गेले, अनुदाने मिळाली, संगणकावर शेकडो प्रतिरूपे तयार झाली. मॅक्सवेल जुना झाला, असे म्हणणे त्या काळात धाडसाचे राहिले नव्हते.

११/ या उत्साहात एक खर्च मात्र मागे पडत होता, आणि त्याचा इतिहास थेट साखरेच्या पाकाशी जोडलेला आहे. १९०५ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइनने डॉक्टरेटसाठी जो प्रबंध सादर केला त्याचा विषय सापेक्षता नव्हता. साखर विरघळलेले पाणी साध्या पाण्यापेक्षा किती घट्ट होते आणि त्यात साखर किती वेगाने पसरते, एवढ्यावरून साखरेच्या रेणूचा आकार काढता येतो, हे त्याने दाखवले. काहिलीत पाक घट्ट होताना गुळव्या उलथण्यावर जे जोखतो, त्याच गुणाचे हे गणित! मात्र त्यात एक चूक राहिली होती. रेणूंच्या संख्येचा त्याचा पहिला अंदाज आजच्या मूल्याच्या सुमारे एक तृतीयांश निघाला. पॅरिसमध्ये जाँ पेराँच्या प्रयोगशाळेत बॉंसलॅंने कण मिसळलेल्या द्रवांचा घट्टपणा मोजला, तो सूत्रापेक्षा बराच अधिक भरला. आइन्स्टाइनने लुडविग हॉफला आकडेमोड तपासायला सांगितली. चूक सापडली आणि १९११ मध्ये दुरुस्ती प्रसिद्ध झाली. दुरुस्त सूत्र सांगते : १ टक्का कण मिसळले तर द्रवाचा घट्टपणा २.५ टक्क्यांनी वाढतो.

१२/ आता दोन सूत्रे शेजारी ठेवावीत. मॅक्सवेल : १ टक्का कणांनी उष्णतावाहकतेत फार तर ३ टक्के फायदा. आइन्स्टाइन : त्याच कणांनी घट्टपणात किमान अडीच टक्के तोटा. घट्ट द्रव ढकलायला पंपाला अधिक वीज लागते, आणि प्रत्यक्षात कणांचे पुंजके झाले की घट्टपणा अडीच टक्क्यांच्या कितीतरी पुढे जातो. दोन्ही सूत्रे खरी असतील तर नॅनोद्रवाचा नफा अगदी पातळ उरतो. म्हणूनच ‘मॅक्सवेल चुकला का?’ हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नव्हता. साऱ्या क्षेत्राचे भवितव्य त्यावर टांगलेले होते.

१३/ निकालासाठी जी पद्धत निवडली गेली, ती विज्ञानाच्या इतिहासात अधिक वेळा दिसायला हवी होती. अमेरिकेतील एमआयटीचे याकोपो बुऑनजोर्नो यांच्या पुढाकाराने जगभरातील तीसहून अधिक प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठवण्यात आले. प्रत्येकीने आपापल्या उपकरणाने, आपापल्या रीतीने मोजायचे आणि आकडे एकत्र ठेवायचे. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाहकता वाढत होती. पण तेवढीच, जेवढी मॅक्सवेलच्या सूत्रावर आणि त्याच्या पुढील विस्तारांवर बसते. तपासलेल्या नमुन्यांत चमत्कारिक वाढ कुठेच आढळली नाही. सूत्र मांडल्याला तेव्हा १३६ वर्षे झाली होती.

१४/ मग पूर्वीचे मोठे आकडे कुठून आले? त्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा भारतातच आहे. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात जॉन फिलिप आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मॅग्नेटाइटच्या नॅनोकणांचा द्रव चुंबकीय क्षेत्रात ठेवला. क्षेत्राच्या दिशेने कण एकामागे एक लागून साखळ्या झाल्या, आणि त्या दिशेने वाहकता तब्बल ३०० टक्क्यांनी वाढली. चुंबक काढला की साखळ्या मोडतात. म्हणजे कणांच्या मांडणीवर पुष्कळ काही ठरते : विखुरलेले गोल असतील तर मॅक्सवेलचे किमान, सलग साखळी असेल तर त्याच्या कितीतरी पट. हेही अभिजात भौतिकीच्या मर्यादेतच बसते; वेगळा चमत्कार मानण्याची गरज नाही. पण यात एक पेच आहे. साखळ्या आणि पुंजके झाले की वाहकता वाढते, आणि त्याच वेळी द्रव घट्ट होतो, कण बसू लागतात. डिंक घालावा की भेंडी, हा जुनाच पेच!

१५/ नॅनोद्रवांचा जो उपयोग आज सर्वांत आश्वासक वाटतो, त्यात गंमत म्हणजे वाहकतेचा संबंध थोडाच आहे. नेहमीच्या सौर तापकात ऊन काळ्या पत्र्यावर पडते आणि पत्र्याकडून पाण्याकडे उष्णता जाते. पत्रा गाळून द्रवच काळा केला तर? १९७५ मध्ये अमेरिकेत मिनार्डी आणि चुआंग यांनी हे करून पाहिले. पाण्यात त्यांनी घातली होती ती ‘इंडिया इंक’ नावाने विकली जाणारी काजळीची शाई. मूळ चिनी असलेल्या या शाईला इंग्रजांनी भारताचे नाव दिले होते. २०१० मध्ये अमेरिकेतच ओटॅनिकार, फेलन आणि सहकाऱ्यांनी ग्राफाइट, कार्बन नॅनोनळ्या आणि चांदीच्या कणांचे द्रव वापरून हीच कल्पना पुन्हा तपासली आणि सूक्ष्म सौर तापकाची कार्यक्षमता ५ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे नोंदवले. येथे कण ऊन स्वतः शोषतात आणि भोवतालच्या द्रवाला जागच्या जागी देतात. मधला एक टप्पाच नाहीसा होतो. वर्षानुवर्षे उन्हात तापून द्रव टिकेल का, हा प्रश्न पुन्हा डिंकाचा.

१६/ कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची. तिथल्या पदार्थविज्ञान विभागाने महागडी यंत्रे नसतानाही रासायनिक द्रावणांतून पातळ थर बसवण्याच्या पद्धतींवर आणि फेराइटांवर काम करत नाव मिळवले, आणि आज विद्यापीठात नॅनोविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. कल्पाक्कमचा मॅग्नेटाइट हाही एक फेराइटच. जिल्ह्यात एका अंगाला ही प्रयोगशाळा आणि दुसऱ्या अंगाला चुलवाण, म्हणून दोहोंची गाठ घालण्याचा मोह कोणालाही होईल. पण काहिलीतल्या रसात नॅनोकण घालण्यात अर्थ नाही. गुळात तांबे कोणी खाणार नाही, हे तर झालेच. त्याहून मोठे कारण म्हणजे रसाच्या बाजूला घाटच नाही. सपाटीचा रस्ता रुंद करून काय मिळणार?

१७/ घाटावर काम केले ते लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने. दोन काहिलींच्या चुलवाणात काहिलींच्या बुडाला खालून समांतर पट्ट्या जोडल्या, म्हणजे तप्त वायूंना स्पर्श करणारा पृष्ठभाग वाढला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार इंधनात सुमारे ३१ टक्के बचत झाली. त्याच वर्षी आयआयटी मुंबईच्या एका गटाने चार काहिलींच्या चुलवाणाचा अभ्यास मांडला. त्यांनी बुडाला काहीच जोडले नव्हते. चिपाडे एकदम कोंबण्याऐवजी जाळाचा अंदाज घेऊन ठरावीक गतीने घातली. तेवढ्यावर एक किलो गुळामागे लागणारी चिपाडे २.३९ किलोवरून १.७३ किलोवर आली. हे काम गुऱ्हाळात जळव्याचे असते.